हेडसेटचा माइक विमानाच्या रेडिओशी आणि इंटरकॉमशी कसा जुळवायचा

प्लग जॅकमध्ये बसला म्हणजे माइक जुळला असं बरेच जण धरून चालतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणजे कानात आवाज येतोय, पीटीटी म्हणजे बोलताना दाबायची कळ दाबली की रेडिओवर ट्रान्समिटचा दिवापण लागतोय, पण टॉवरला फक्त कॅरियर, म्हणजे आवाज नसलेली नुसती रेडिओ लहर, ऐकू जातोय, शब्द एकही नाही. मग रेडिओ खराब म्हणून बाहेर काढला जातो, बेंचवर एकदम व्यवस्थित चालतो, परत बसवला की पुन्हा तेच. खरं तर रेडिओपण चांगला असतो आणि हेडसेटपण, फक्त दोघं एकमेकांसाठी नसतात. म्हणून हे सगळं एकदा पायरीपायरीनं लिहितोय, घाईत वाचू नका, मल्टिमीटर जवळ असेल तर उत्तमच.

आधी कारण समजून घ्या, नाहीतर पुढचे आकडे नुसते पाठ करावे लागतील

जुन्या विमानांत कार्बन माइक असायचे. आत कोळशाचे बारीक कण, त्यावर पडदा, बोललं की कण दाबले जातात आणि त्यांचा रेझिस्टन्स बदलतो. असा माइक स्वतः काहीच व्होल्टेज तयार करत नाही, त्याच्यातून डीसी करंट सोडावा लागतो, मग तो करंट आवाजाप्रमाणे वरखाली होतो. म्हणून रेडिओच माइकच्या वायरवर डीसी द्यायचा, यालाच बायस म्हणतात. पुढे १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक बनवला, तो लहान, हलका, आवाजाला कितीतरी स्वच्छ, पण तोपर्यंत जगभरातल्या विमानांत कार्बनवाले रेडिओ बसलेले होते. ते कोण बदलणार? मग उलटं केलं, नव्या माइकच्या मागं एक छोटा अँप्लिफायर लावला जो त्याच बायसवर चालतो आणि कार्बन माइकएवढाच दणदणीत सिग्नल देतो. आजही लहान विमानातला नेहमीचा दोन प्लगवाला हेडसेट रेडिओच्या नजरेतून कार्बन माइकच असतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

यातून एक गोष्ट अशी निघते की आवाज कमी करणाऱ्या म्हणजे एएनआर हेडसेटची बॅटरी संपली तरी माइक सहसा चालूच राहतो, कारण त्याला करंट रेडिओकडून मिळतो, बॅटरीकडून नाही. त्यामुळे माइक बंद पडला म्हणून आधी बॅटरी बदलत बसू नका.

आता दुसरं कुळ. सैन्याच्या विमानांत आणि सैन्याच्याच हेलिकॉप्टरांत कमी इम्पिडन्सचा (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) डायनॅमिक माइक वापरतात, साधारण ५ ओहमचा, अमेरिकन एम-८७ हा त्यातला नेहमीचा. यात कॉइल आणि चुंबक असतं, बायस लागत नाही, पण सिग्नल फारच बारीक, मिलिव्होल्टच्या आसपास. विमानी इलेक्ट्रेट माइक जवळून बोलल्यावर काही शे मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १ आणि ४०० चा फरक धरला तर ५० डेसिबलच्या वर जातो. एवढी दरी व्हॉल्यूमचं बटण फिरवून भरत नाही.

पहिली पायरी : रेडिओला काय हवंय ते शोधा

सुरुवात हेडसेटपासून करू नका, रेडिओ किंवा ऑडिओ पॅनलपासून (रेडिओ आणि हेडसेट यांच्यातला आवाज वाटणारं पॅनल) करा, कारण हेडसेट बदलता येतो, पॅनल सहज बदलत नाही. इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये माइक इनपुटची ओळ असते, तिथं कार्बन किंवा कार्बनसमान, १५० ओहम, बायस किती व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. ५ ओहम डायनॅमिक असं लिहिलं असेल तर तुम्ही दुसऱ्या कुळात आहात.

मॅन्युअल नसेल तर मोजा. माइकच्या जॅकमध्ये एक मोकळा प्लग घाला, मास्टर आणि एव्हियॉनिक्सचे स्विच चालू करा आणि प्लगच्या रिंग (टोकामागचं कडं) आणि स्लीव्ह (मागचा लांब भाग) यांच्यामध्ये डीसी व्होल्टेज बघा. नागरी विमानात साधारण ८ ते १६ व्होल्टमध्ये कुठेतरी मिळेल. आता तिथंच १ किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावा आणि परत मोजा. मोकळं ११ व्होल्ट आणि रेझिस्टर लावल्यावर ५.५ झालं तर आतला रेझिस्टरपण १ किलोओहमचाच आहे, आणि ७.५ पर्यंतच उतरलं तर आत ४७० ओहम आहे. नेहमीचे हेडसेट साधारण २२० ते २२०० ओहममधून येणाऱ्या बायसवर चालतात, त्यामुळे हा आकडा या हद्दीत आला की निर्धास्त. बायस अजिबात दिसला नाही तर लगेच रेडिओ खराब म्हणू नका, एक तर तो ५ ओहमवाला इनपुट असेल किंवा वायर तुटलेली असेल. आणि या खटपटीत अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) न लावता पीटीटी दाबू नका.

दुसरी पायरी : माइक ओळखा

बूमवर म्हणजे माइकच्या दांडीवर किंवा माइकच्या मागे छापलेलं बघा. डायनॅमिक, अँप्लिफाइड डायनॅमिक, इलेक्ट्रेट हे तीन शब्द महत्त्वाचे, त्यातले शेवटचे दोन बायसवर चालतात. टीएसओ-सी५८ किंवा नवीन हेडसेटवर टीएसओ-सी१३९ असा शिक्का (टीएसओ म्हणजे विमानाच्या उपकरणांसाठीचं अमेरिकन मानक) असला तर तो माइक विमानासाठी तपासलेला आहे एवढं कळतं, पण तुमच्याच पॅनलला जुळेल हे त्यातून कळत नाही.

छापलेलं पुसलं असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून रिंग आणि स्लीव्ह तपासा. थोडेच ओहम दाखवले आणि प्रोब उलटसुलट केले तरी तेवढेच, तर साधा डायनॅमिक. बराच जास्त आकडा आला आणि प्रोब फिरवल्यावर बदलला तर आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, म्हणजे अँप्लिफाइड. आणि माइकवर टिचकी मारली की आकडा नाचतोय, तर तुमच्या हातात खरा जुना कार्बन माइक आहे. तो चालतोही, पण कण गोळा होऊन बसले की आवाज घोगरा होतो. असा माइक हातात धरायचा राखीव म्हणून ठेवावा, रोजच्या वापराला नको.

तिसरी पायरी : प्लग

लहान विमानाच्या हेडसेटला दोन प्लग असतात, जाडा ६.३५ मिलिमीटरचा पीजे-०५५ कानासाठी आणि थोडा बारीक ५.२३ मिलिमीटरचा पीजे-०६८ माइकसाठी. मुद्दामच वेगळ्या मापाचे केलेत, अदलाबदल होऊ नये म्हणून. माइकच्या प्लगवर टोक म्हणजे टिप पीटीटीसाठी, रिंग आवाज आणि बायससाठी, स्लीव्ह ग्राउंड. टिप ग्राउंडला टेकली की रेडिओ ट्रान्समिटला जातो. प्लग पूर्ण आत गेला नसेल तर हे संपर्क सरकतात, आणि कॅरियर जातोय पण आवाज नाही या तक्रारीचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच आहे, म्हणून काहीही उघडण्याआधी प्लग टक् असा बसेपर्यंत दाबा. जॅक जुना झाला की आतल्या पट्ट्या सैल पडतात, हलवल्यावर आवाज येतोजातो, तो जॅक बदलायचाच, वाकवून घट्ट केलेली पट्टी फार दिवस टिकत नाही.

हेलिकॉप्टरला एकच चार संपर्कांचा ७.१ मिलिमीटरचा यू-१७४ प्लग असतो, आणि सगळ्यात जास्त फसगत इथं होते. डेव्हिड क्लार्कचे दोन हेडसेट घ्या, एच१०-५६ आणि एच१०-७६. दोन्ही हिरवे, दोन्हीला तोच यू-१७४ प्लग, टेबलावर शेजारी ठेवले तर पटकन फरक कळणार नाही. पण पहिला नागरी हेलिकॉप्टरसाठी, त्यात अँप्लिफाइड माइक आहे, आणि दुसरा सैन्यासाठी, त्यात ५ ओहमचा एम-८७. प्लग दोन्हीकडे आरामात बसतो. जुना सैन्याचा हेडसेट बरा मिळाला म्हणून घेणाऱ्यांनी हा नंबर आधी वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याशिवाय एअरबसमध्ये पाच पिनांचा एक्सएलआर असतो आणि काही विमानांत पॅनलमधूनच एएनआरला वीज देणारा सहा पिनांचा जॅक असतो. तिथंपण नियम तोच, प्लगचा आकार बघून माइकचा प्रकार ठरवू नका.

चौथी पायरी : जुळत नसेल तर काय करायचं

अँप्लिफाइड माइक आणि बायस देणारा रेडिओ, ही जोडी थेट लावा, मधे काही नको. काही लोक १५० ओहमच्या माइकला इनपुटपण बरोबर १५० चाच पाहिजे म्हणून हट्ट धरतात, तसं काही नसतं, इनपुट काही पट जास्त असला तरी मस्त चालतं.

५ ओहमचा माइक नागरी रेडिओला लावला तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सिग्नल ५० डेसिबलनं कमी, आणि दुसरी म्हणजे रेडिओचा बायस करंट थेट त्या नाजूक कॉइलमधून वाहतो आणि पडदा एका बाजूला ओढून धरतो. आणि कानाच्या बाजूलापण गडबड होते, कारण या हेडसेटचे इअरफोनसुद्धा कमी ओहमचे असतात, ते ऑडिओ पॅनलवर जड लोड टाकतात आणि बाजूच्याचा आवाजपण पडतो. इथं बरेच जण मॅचिंग ट्रान्सफॉर्मर सुचवतात. हिशोब करून बघा, ५ वरून १५० म्हणजे इम्पिडन्स ३० पट, व्होल्टेज त्याचं वर्गमूळ म्हणजे साडेपाच पट, म्हणजे जेमतेम १५ डेसिबल. उरलेले ३५ कुठून आणणार? म्हणून इथं बायसवर चालणारा प्रीअँपच (बारीक सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर) लागतो, तो तयार अॅडॅप्टरमध्ये बसवलेला मिळतो. अॅडॅप्टर घेताना तो नुसता वायरी जोडणारा आहे की आत प्रीअँप आहे हे स्पष्ट विचारा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. किंवा माइकची कॅप्सूलच अँप्लिफाइड घाला, माझ्या मते हा जास्त चांगला मार्ग, वायरीत लटकणारा डबा एक कमी. मात्र त्यानं फक्त माइकचं काम होतं, इअरफोनचा प्रश्न तसाच राहतो.

उलटं असेल, म्हणजे अँप्लिफाइड माइक ५ ओहमच्या इनपुटला, तर माइक मेलेलाच वाटेल कारण त्याला वीजच मिळत नाही. बेंचवर किंवा सिम्युलेटरसाठी हे जुळवायचं असेल तर माइकला बाहेरून १२ व्होल्ट १ किलोओहममधून द्या, रिंगवरून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरनं आवाज काढून घ्या, कपॅसिटरची प्लस बाजू माइककडे, मग १.५ किलोओहम सिरीजमध्ये आणि शेवटी ४.७ ओहम ग्राउंडला, त्या ४.७ वरून इनपुटला जा. यात बरोबर ५० डेसिबल कमी होतात आणि कपॅसिटर साधारण १०० हर्ट्झच्या खालची घरघर कापतो, बोलण्याला त्याचा काही तोटा नाही. पण उडणाऱ्या विमानाच्या वायरिंगमध्ये असला सोल्डरिंगचा उद्योग स्वतः करू नका, ते लायसन्सधारक इंजिनिअरचं काम आहे, त्याला हे आकडे दाखवा.

कम्प्युटरच्या किंवा मोबाइलच्या हेडसेटमधली सुटी इलेक्ट्रेट कॅप्सूल काढून बूमवर बसवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती कॅप्सूल सहसा १० व्होल्टपर्यंतच सहन करते, अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेते, मागे अँप्लिफायर नाही आणि बोलल्यावर रेडिओला लागणाऱ्या सिग्नलच्या कितीतरी खाली राहते. शिवाय तिला मागून छिद्र नसेल तर ती इंजिनचा आवाज कापणारच नाही. नका करू.

जोडल्यावर खात्री करायची सोपी खूण : माइक लावलेला असताना परत बायस मोजा. मोकळ्यापेक्षा बराच खाली आला, अगदी निम्म्यावर आला तरी ठीक, माइक करंट घेतोय. जरापण हलला नाही तर माइक सर्किटमध्ये आलेलाच नाही, वायर तुटली असेल किंवा इलेक्ट्रेटची पोलॅरिटी उलटी लागली असेल. आणि शून्याजवळ गेला तर एक तर शॉर्ट आहे किंवा चुकून ५ ओहमचा माइक लागलाय.

पाचवी पायरी : माइक तोंडासमोर कुठे आहे

ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित. विमानातला माइक पुढून आणि मागून दोन्हीकडून उघडा असतो, लांबून येणारा इंजिनचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच पोचतो म्हणून कटतो, आणि तुमचा आवाज जवळून एकाच बाजूनं येतो म्हणून टिकतो. हे गणित ओठांपासून ३ ते ६ मिलिमीटरवरच जमतं. बोटभर लांब गेला की तुमचा आवाजपण लांबचा होतो आणि मग तोही कटायला लागतो. माइक ओठाच्या कोपऱ्याजवळ ठेवा म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत, फोमचं कव्हर कायम असू द्या, आणि बोलण्याच्या बाजूवर ठिपका किंवा खूण असते ती ओठांकडेच आहे ना ते बघा. बूम दुसऱ्या गालावर फिरवली की माइक उलटा होतो आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

सहावी पायरी : इंटरकॉम आणि गेन

इंटरकॉम, म्हणजे विमानातल्यांनी आपापसात बोलायची सोय, माइक आणि रेडिओच्या मधे बसतो. म्हणजे हेडसेटला बायस इंटरकॉम देतो आणि रेडिओसमोर इंटरकॉम स्वतःच माइक बनून उभा राहतो. म्हणून जुळवणी दोन ठिकाणी होते, आणि क्रम महत्त्वाचा. तोंडाकडून सुरू करून अँटेनाकडे जायचं : आधी माइकची जागा, मग हेडसेटवरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), मग इंटरकॉम, आणि अगदी शेवटी रेडिओचं मॉड्युलेशन (आवाज रेडिओ लहरीवर किती चढतो ते). लोक नेमकं उलटं करतात, आवाज कमी जातोय म्हटलं की रेडिओच्या आतला स्क्रू वाढवतात, मग माइक जवळ धरणारा बोलला की आवाज फाटतो आणि इंजिनचा आवाजपण तेवढाच वर येतो. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएम आहे, त्यात मॉड्युलेशन १०० टक्क्यांच्या पुढे ढकलून फायदा शून्य, ऐकणाऱ्याला नुसती खरखर.

काही हेडसेटच्या माइकवर बारीक छिद्रात गेनचा स्क्रू असतो. चार जण चार वेगवेगळ्या कंपन्यांचे हेडसेट घालून बसले की एकाचा आवाज ढणाढणा आणि दुसऱ्याचा पुसट असं होतं, तेव्हा हा स्क्रू वापरा. ढणाढणा असलेल्याचा कमी करून पुसट असलेल्याच्या पातळीला आणा, उलटं करू नका, कारण पुसट माइकचा गेन वाढवला की कॉकपिटचा गोंगाटपण वाढतो.

स्क्वेल्च म्हणजे आवाजावर उघडणारं गेट, ते जमिनीवर शांततेत लावून काही उपयोग नाही. इंजिन क्रूझच्या जवळपास पॉवरवर, सगळ्यांचे माइक ओठांशी, सगळे गप्प, आणि मग नॉब हळूहळू फिरवत गोंगाट जिथं बंद होतो त्याच्या किंचित पुढं थांबा. जास्त फिरवला तर प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो, आणि सूचना देताना पहिलाच शब्द गेला तर ते धोक्याचं आहे. एकाच स्क्वेल्चवर सगळे माइक असतील तर रिकाम्या सीटवरचा हेडसेट काढून ठेवा, तो उगाच गेट उघडा ठेवतो.

बऱ्याच इंटरकॉममध्ये अशी सोय असते की वीज गेली किंवा बंद केला तर पायलटचा हेडसेट थेट रेडिओला जोडला जातो. ही सोय आहे असं गृहीत धरू नका, इंटरकॉम बंद करून एक रेडिओ चेक घ्या. इथं मजेशीर निकाल मिळतात : इंटरकॉम चालू असताना उत्तम आणि बंद केल्यावर मुका, म्हणजे इंटरकॉम प्रीअँपचं काम करून तुमचा न जुळणारा माइक झाकून ठेवत होता.

सातवी पायरी : खरी चाचणी

स्वतःच्या कानात स्वतःचा आवाज येतोय म्हणजे बाहेर जातोय असं नाही. हा साइडटोन काही ठिकाणी रेडिओच्या बाहेर पडणाऱ्या सिग्नलमधून येतो, पण अनेक ठिकाणी ऑडिओ पॅनलमधूनच फिरवून दिलेला असतो. म्हणून दुसरा माणूस हँडहेल्ड रिसीव्हर घेऊन बराच लांब उभा राहू दे, जवळ उभा राहिला तर रिसीव्हर दबून जातो आणि चांगला आवाजपण फाटका ऐकू येतो. इंजिन बंद आणि चालू दोन्ही वेळा ऐकवा. मग योग्य फ्रिक्वेन्सीवर रेडिओ चेक मागा, १२१.५ वर अजिबात नाही, ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. किती स्पष्ट ऐकू आलं याचं १ ते ५ मधलं उत्तर येतं, ३ म्हणजे कळतंय पण त्रासानं, आणि नुसत्या ४ वर समाधान मानण्याआधी पुसट आहे की फाटका आहे ते विचारा, कारण दोन्हीचे उपाय विरुद्ध आहेत. पुसट असेल तर माइक लांब, उलटा किंवा बायस कमी. फाटका असेल तर गेन जास्त.

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर ती अल्टरनेटरची, आणि बहुतेक वेळा ग्राउंडची भानगड. माइकच्या जॅकची स्लीव्ह पॅनलच्या पत्र्याला टेकू द्यायची नसते, फायबरच्या वॉशरनं वेगळी ठेवायची, आणि माइकच्या वायरीचं शिल्ड एकाच टोकाला, ऑडिओ पॅनलच्या बाजूला, ग्राउंड करायचं. कानाचा आणि माइकचा ग्राउंड वाटेत एकत्र करू नका. पण फक्त ट्रान्समिट करतानाच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, आणि तोही एखाद्याच फ्रिक्वेन्सीवर, तर तो रेडिओ लहरींचा माइकच्या वायरीत शिरकाव आहे. काँपोझिट विमानांत हे जास्त होतं कारण मधे धातूचा आडोसाच नसतो. आधी अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) आणि तिचं ग्राउंड तपासा, मग माइकच्या वायरीवर फेराइट (रेडिओ लहरी अडवणारं कडं), आणि गरज पडली तर जॅकवर रिंग ते स्लीव्ह ४७० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर.

राहिला राखीव हँडहेल्ड रेडिओ. त्याचा माइक इनपुट वेगळ्या जातीचा असतो, बायस कमी व्होल्टेजचा, गेन जास्त, म्हणून नेहमीचा हेडसेट त्याला त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या अॅडॅप्टरनंच लावा, आणि त्याच्या पीटीटीची वायर नेमकी कुठे जाते ते आधी बघून ठेवा. हा सेट एकदा इंजिन चालू असताना, बाहेरच्या अँटेनाला जोडून, त्याच हेडसेटनं वापरून बघा. अॅडॅप्टर रेडिओला लावलेलाच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.